नऊ आट्यांचं लोखंड

नारळ फुटलाच नाही. फरशीवरून घरंगळत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याला लागून थांबला.

*

विलायतेत एका साहेबाने ठरवलं, की पाऊण इंच जाडीच्या बोल्टावर इंचाला दहा आटे, म्हणजे चरीचे दहा वेढे, असावेत. त्याआधी ज्याचा त्याचा कारखाना आणि ज्याचे त्याचे आटे.

*

कोपर गावात एका खोपटात, चुलीमागे, एक लोखंडी पाना आहे. त्याला दर अमावास्येला तेल लागतं. त्या घरात आवळण्यासारखं काहीही नाही.

*

ठाण्याच्या तळ्याकाठच्या देवळात बर्नाडेटने मेणबत्ती लावली. गुडघे टेकले. मागितलं एवढंच: ज्याने माझ्या घरावर हे आणलं, त्याचे हात झडू देत.

*

मुहूर्ताचं भात पाखडायला बायका सुपं घेऊन बसल्या होत्या. धडाका झाला. सगळी सुपं थांबली.

एक चालू राहिलं.

*

सन १८८६चा दसरा. कल्याणच्या खाडीकाठी उत्तमशेठची भात सडायची वाफेची गिरणी.

फौजदार गुरुदत्त चित्रे पोचले तेव्हा वाफ विरली होती. झेंडूची तोरणं भिंतीला चिकटून शिजल्यासारखी झाली होती. एंजिनासमोर उत्तमशेठ उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर एंजिनाच्या सिलिंडरचं झाकण होतं. परातीएवढं, बिडाचं. मधोमध कुंकवाचं स्वस्तिक.

"पुजेचं लोखंड माणसाच्या छातीवर," हवालदार गुणाजी म्हणाला. "आमच्या आईला कळलं तर या गिरणीचा तांदूळ घरात येऊ द्यायची नाही."

"तुझ्या आईला कळवू नकोस."

"कळलं असंल साहेब. तिला माझ्याआधी कळतं."

फौजदार वाकले. जमिनीवर नट विखुरले होते. त्यांनी एक उचलून उजेडात धरला. बाहेरून काजळी. आत, तोंडापाशी, आटे सोलून निघालेले. पण तोंडापासून आत गेलं की उरलेले आटे कोरे, चकचकीत. जणू तिथे कधी बोल्ट पोचलाच नव्हता.

दुसरा उचलला. तसाच. तिसराही.

सिलिंडरच्या तोंडाभोवती रोवलेले बोल्ट जागच्या जागी होते. त्यांची फक्त टोकं ओरबाडलेली.

"शेठ नेहमी इथेच उभे राहायचे?"

उत्तर मेलेल्याच्या धाकट्या भावाने दिलं. रघुशेठ. डोळे लाल, आवाज बसलेला. "दरवर्षी. झाकणासमोर नारळ घेऊन. वाफ सोडली, एंजिनाने पहिला हिसका दिला, की नारळ फोडायचा. बापाच्या वेळेपासूनची रीत. कल्याणात शेंबड्या पोराला ठाऊक आहे."

"झाकण कोणी आवळलं होतं?"

"अँब्रोजने. आमचा फिटर, ठाण्याचा किरिस्ताव. अष्टमीला."

"नवमीला काय झालं?"

"खंडेनवमी. सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. एंजिनाची पूजा केली. झाकणाच्या एकेका नटाला कुंकू मी स्वतः लावलं. मग सगळी गिरणी दुर्गाडीवर देवीच्या दर्शनाला गेली."

"अँब्रोज?"

"तो कशाला येतोय देवीला? घरी जातो म्हणाला. गेला का राहिला, कोण बघतंय!"

"पूजेनंतर हत्याराला कोणी हात लावला असेल?"

"छे! दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत आमच्यातलं कोणी पाना उचलायचं नाही. फौजदारसाहेब, तेच तर सांगतोय मी तुम्हाला. पूजेचं ज्याला सोयरसुतक नाही, असा या गिरणीत एकच माणूस आहे. गेल्या महिन्यात रविवारची सुट्टी मागितली म्हणून भाऊने त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. तेव्हा काय म्हणाला माहीत आहे? 'शेठ, हे एंजिन तुम्हाला एक दिवस खाईल.'"

रघुशेठने भावाच्या तोंडावर उपरणं ओढलं.

"मला तो फासावर हवा. दिवाळीच्या आत."

*

(नट. सहा बाजूंचा लोखंडाचा ठोकळा, मधोमध भोक, भोकाच्या आत वळत जाणारी चर. बोल्टावर तशीच चर, उलटी. दोन्ही चरी एकाच मापाच्या असल्या तर बोटाने फिरतो. मापात केसाएवढा फरक असला तरी सुरुवातीला फिरतो. एक फेरा. दुसरा. तिसऱ्याला अडतो. अडलेला नट आणि आवळलेला नट हाताला सारखेच लागतात.)

*

चौकीच्या दारात बर्नाडेट उभी होती. ठाण्याहून गाडीने आलेली. हातात डबा नाही, डोळ्यांत पाणी नाही.

"तुम्ही धरलाय तो माझा नवरा."

"बसा बाई."

"मी बसायला नाय आले. फाशी द्यायची तर द्या. पण आधी त्याच्याशी लोखंडावर बोला."

"म्हणजे?"

"अँब्रोज माणसांबद्दल खोटं बोलतो. घाबरट आहे, लहानपणापासून. लोखंडाबद्दल त्याला खोटं बोलता येत नाही."

गुणाजी हसू दाबायला भिंतीकडे वळला.

"आणि ज्याने हे केलं तो सापडला ना साहेब," ती म्हणाली, "तर मला एकदा समोर उभी करा. एकदाच."

*

"हा नट ओळख."

अँब्रोजने कोठडीच्या गजातून हात काढून नट घेतला. करंगळी आत घालून फिरवली.

"हा आमचा नाही."

"न बघताच?"

"बघायचं काय साहेब? आमचं एंजिन नवं. नव्या मापाचं. इंचाला दहा आटे. हा जाडा आटा. फूटपट्टी लावा."

फौजदारांनी लावली. इंचाच्या हिशेबात नऊच बसत होते.

"हल्ली सगळे साहेबलोक एकाच मापाने काम करतात," अँब्रोज म्हणाला. रडून सुजलेला त्याचा चेहरा बोलता बोलता सरळ झाला. "पूर्वी तसं नव्हतं. प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागायचा नाही. नट हरवला तर त्याच कारखान्याकडून मागवा, आगबोटीची वाट बघत बसा. म्हणून जुने लोक नट कधी सुटा ठेवायचे नाहीत. काढला की त्याच्याच बोल्टावर परत चढवून ठेवायचे."

"आणि हा तुमच्या बोल्टावर चढवला तर?"

"तीन फेऱ्यांत अडकेल."

"झाकणापर्यंत पोचायच्या आधीच?"

"हां. मग झाकण ढिलंच राहील. कोणालाही कळेल."

"खाली दोन-दोन जाड वायसर टाकले तर?"

अँब्रोजने मान वर केली. लोखंडाच्या चकत्या. नट आणि झाकण यांच्यामधली जागा भरून काढणाऱ्या.

"होते खाली?"

"जमिनीवर सापडले. प्रत्येकाला दोन."

"मग," तो सावकाश म्हणाला, "तिसऱ्या फेऱ्याला नट वायसरवर बसेल. घट्ट लागेल. बाहेरून नटाच्या भोकात बोल्टाचं टोक दिसणार नाही, खोल राहील. तिथे चरबी भरून काजळी फासली तर कोणाला दिसणार? एंजिन बंद असेपर्यंत धरून राहील. वाफेचा पहिला हिसका..."

तो थांबला.

"साहेब, ज्याने हे केलं त्याला लोखंड कळतं."

"तुझ्याइतकं?"

अँब्रोज घाबरला. पुन्हा माणसांबद्दल बोलायची वेळ आली होती.

"मी केलं नाही. आईशप्पथ."

*

पाट जागच्या जागी होता. पाने, हातोडे, कानस, सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या. फौजदारांनी सगळ्यांत मोठा पाना उचलला.

"अहो, मुहूर्त झालेला नाही!" रघुशेठ ओरडला.

"मुहूर्त तुमच्या भावाने केला."

पाना उचलल्यावर खाली पाटावर त्याच्या आकाराची कोरडी जागा राहिली. भोवती वाळलेलं हळदीचं पाणी. नवमीपासून तो हललाच नव्हता. फौजदारांनी तो खुनी नटाला लावून पाहिला. तोंडात जाईना. नट मोठा, पाना लहान.

"गुणाजी, या गिरणीत या नटाला बसणारा पाना नाही."

"म्हणजे बाहेरचा माणूस?"

"किंवा घरी पाना असलेला."

पाटाशेजारच्या ओट्यावर कुंकवाचा करंडा तसाच उघडा होता. फौजदार त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून एकेक नट काढून ओळीने मांडले.

"रघुशेठ, प्रत्येक नटाला कुंकू लावलं म्हणालात."

"देवीशप्पथ लावलं."

"यांच्यावर नाही. एकावरही नाही. म्हणजे पूजेनंतर बदलले." फौजदारांनी करंड्यात बोट बुडवलं आणि एका नटावर टिळा लावला. "किती वेळ लागला, गुणाजी?"

"काहीच नाही."

"ज्याने वायसर घातले, चरबी भरली, काजळी फासली, त्याने एवढंच का केलं नाही? करंडा हाताशी होता."

"विसरला असंल."

"जो वायसर विसरत नाही?"

गुणाजीने डोकं खाजवलं. "मग किरिस्तावच म्हणायचा. त्याला कुंकवाचं काय?"

"अँब्रोज इथे नऊ-दहा दसरे काढून आहे. कुठे काय लावतात ते त्याला पाठ असणार. मी त्याच्या जागी असतो तर पहिल्यांदा कुंकू लावलं असतं. बदललेलं झाकायला याहून चांगलं काय?"

*

मूळ नट कुठे गेले?

खाडीत, गुणाजी म्हणाला. गिरणीच्या मागच्या दारातून हात लांब केला की खाडी.

फौजदार खाडीकडे गेले नाहीत. अंगणातल्या कडुनिंबाला निर्माल्याची करंडी टांगलेली होती. पूजेची फुलं, पानं, विसर्जनाला जमवलेली. त्यांनी ती उपडी केली. तळाशी केळीच्या पानात बांधलेली पुरचुंडी. आत नट. दहा आट्यांचे, कुंकू लावलेले. त्यांचे कोपरे घासटलेले होते, लहान नटाला मोठा पाना लावून मध्ये पाचर ठोकली की घासटतात तसे.

"शेठचा जीव घेतला," गुणाजी पुटपुटला, "आणि पुजलेलं लोखंड पायदळी जाऊ दिलं नाही."

"हात लावायचा नाही म्हणून पानात गुंडाळलं. गुणाजी, आता तुझ्या आईला विचार. तिला तुझ्याआधी कळेल."

*

गिरणीच्या मागे, घाणेरीच्या जाळीत, जुनं एंजिन पडलेलं होतं. फुटकं, गंजलेलं. त्याच्या सिलिंडरवर बायका सुपं वाळत घालायच्या.

फौजदारांनी सुपं बाजूला केली.

सिलिंडरच्या तोंडाभोवती बोल्टांचं कडं. जवळजवळ सगळ्यांची फक्त टोकं ओरबाडलेली. गंज चढला होता, तरी खूण तीच. तीन फेऱ्यांची.

एक बोल्ट शाबूत होता. फौजदारांनी खिशातला सगळ्यांत चांगला नट त्यावर ठेवला आणि बोटाने फिरवला. चिखल होता, गंज होता. तरी नट फिरत गेला. चौथा फेरा, पाचवा. तळाशी जाऊन टेकला.

मग त्यांनी कड्यावरून बोट फिरवलं.

कड्यातला एक बोल्ट नव्हता. त्याच्या भोकाच्या आत गंज नव्हता.

"या एंजिनावर कोण होतं?"

"मारुती," रघुशेठ म्हणाला. "कोपरचा. याच एंजिनाने मेला, नऊ वर्षांपूर्वी. झाकण उडालं. हलगर्जीपणा. नट ढिले ठेवले होते त्याने. मामलेदारासमोर तसं ठरलं. मग भाऊने नवं एंजिन आणलं."

"मेला त्याआधी झाकणाला नवे नट बसवले होते का?"

"मी लहान होतो. भाऊने मुंबईहून आणले होते कसले तरी. जुने झिजले म्हणून मारुती फार कटकट करायचा. कारखान्यातून मागवा, कारखान्यातून मागवा."

"मग मागवले?"

"ते भाऊला ठाऊक."

कोठीत, गोणपाटाखाली, एक लाकडी खोकं होतं. फळी नुकती उचकटलेली. आत पेंढा, तेलकट कागद आणि कागदावर नटांचे सहाकोनी ठसे. वर विलायती अक्षरं आणि दहा वर्षांपूर्वीची तारीख. खोकं रिकामं होतं.

"कोठी कोण झाडतं?"

"पाखडणाऱ्या बायकांची मुकादम. शेवंती. मारुतीची बायको. भाऊने दया करून ठेवली तिला."

*

संध्याकाळच्या आत गुणाजी कोपरहून परतला. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. त्याने ते फौजदारांपुढे ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एंजिनघरात जमले. रघुशेठ. हातात बेड्या घातलेला अँब्रोज. बर्नाडेट, भिंतीला टेकून. मध्यमवयाची शेवंती, हातात सूप घेऊन दारापाशी. तिला सूप खाली ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने ठेवलं नव्हतं.

फौजदारांनी ओट्यावर करंडा ठेवला. शेजारी एक नट.

"एकेकाने यायचं. नटाला कुंकू लावायचं. बस्स."

रघुशेठने चिडत चिडत लावलं.

अँब्रोजने बेड्यांसकट हात पुढे केला, बोट बुडवलं आणि सफाईने टिळा ओढला. दहा दसऱ्यांची सवय. बर्नाडेटने कपाळाला आठी घातली, पण काही म्हणाली नाही.

"बाई, तू."

शेवंतीने सूप छातीशी धरलं. एक पाऊल मागे सरली.

"अहो फौजदारसाहेब!" रघुशेठ उसळला. "काय भलतंच सांगता? विधवा आहे ती!"

"मीही तेच सांगतोय," फौजदार म्हणाले.

त्यांनी ओट्यावरचा नट उचलून तळहातावर ठेवला.

"ज्याने हे केलं त्याला पूजा मोडायची नव्हती. पाटावरच्या हत्याराला त्याने हात लावला नाही, स्वतःचा पाना आणला. तो मोठा पडला म्हणून पाचर ठोकली. पुजलेले नट खाडीत फेकणं सोपं होतं. ते पानात बांधून निर्माल्यात ठेवले. म्हणजे किरिस्ताव नव्हे. पण नव्या नटांना कुंकू लावलं नाही. करंडा हाताशी असून. जीव घेताना जो हात थरथरला नाही, तो एका टिळ्यापाशी अडला. असा हात कोणाचा? ज्याला कुंकवाला शिवायची बंदी आहे त्याचा."

"गिरणीत विधवा चार आहेत," रघुशेठ म्हणाला. पण त्याचा आवाज खाली गेला होता.

"तिघी दुर्गाडीवर गेल्या होत्या. एंजिनघर झाडायला एकच मागे राहिली. कोठीची झाडलोट तिच्याकडे. आणि खुनातले नट आले कोठीतल्या खोक्यातून. ते जुन्या एंजिनाचे नट होते, कारखान्यातून मागवलेले, कोरे. मारुतीने मागितलेले."

फौजदारांनी फडकं सोडलं. आत एक पाना होता, तेलाने काळाभोर. आणि एक बोल्ट. त्याच्यावर शेवटपर्यंत चढवलेला नट.

"हे तुझ्या चुलीमागे सापडलं. पाना खुनातल्या नटांना तंतोतंत बसतो. बोल्ट मागच्या अंगणातल्या जुन्या कड्यातला."

शेवंतीने बोल्टाकडे पाहिलं. मग सूप खाली ठेवलं. नीट, भिंतीला टेकवून.

"तो पाना माज्या मानसाचा हाय," ती म्हणाली. "तो घरी आला का नट तेलात टाकायचा. मी पुसायचे. कोनचा नट कोन्या बोल्टाचा, मना अंधारात कलायचा."

"मारुतीला मुंबईचे नट शेठने बसवायला लावले?"

"लावले. माजा मानूस बोलला, शेठ, आटा येगला हाय, तीन फेरं घेतो नि अडतो. शेठ बोलला, अडतो म्हंजे घट बसतो. चालू कर." ती थांबली. "मना तवा वाटला, शेठला लोखंड कलत नाय. अडाणी मानूस. अडान्यावर राग किती दिवस धरायचा? मी त्याच्याच गिरणीत सूप धरला. मग यंदा श्रावणात ता खोका फोडला. त्यातला नट घरी नेला, जुन्या कड्यातला बोल्ट नेला. रातचा चढवून बघितला. गेला. गेला तो शेवटपत्तूर गेला."

"खोकं मारुती असतानाच आलेलं होतं."

"त्याच्यावर धुरल किती होती! आलेला खोका फोडायची तसदी नाय घेतली त्याने. मानूस मेला तरी नाय फोडला." ती रघुशेठकडे वळली. "तुजा भाव जसा मेला तसाच माजा मेला. तीन फेऱ्यांवर. मी येक फेरा जास्ती नाय दिला, येक कमी नाय दिला."

रघुशेठ पुढे धावला. गुणाजीने त्याला छातीवर हात ठेवून अडवलं.

"धडाका झाला तेव्हा तुझं सूप थांबलं नाही," फौजदार म्हणाले. "बायकांनी सांगितलं."

"माजा मेला तवा गिरणी कुठं थांबली होती?"

बर्नाडेट भिंतीपासून सुटली. शेवंतीसमोर येऊन उभी राहिली. इतक्या जवळ, की गुणाजीने दुसरा हातही तयार ठेवला.

"शेठवर तुझा दावा होता. माझ्या नवऱ्याने तुझं काय केलं होतं? तो फासावर गेला असता!"

"गेला असता तर चालला असता."

"काय म्हणालीस?"

"हत्यारं पुजेत असतील, आमच्यातला कोन हात लावनार नाय, नाव याचंच येनार. मना ठाव होता. म्हनून नवमी धरली." शेवंतीने अँब्रोजकडे बोट दाखवलं. "तुज्या घरवाल्यालाच इचार. मामलेदारासमोर कोन बोलला? मारुतीने नट ढिले ठेवले, असा कोन बोलला?"

सगळ्यांनी अँब्रोजकडे पाहिलं. तो नटाकडे बघत होता. कुंकवाने माखलेल्या.

"मी बोललेलो," तो म्हणाला. "नवा लागलेलो तेव्हा. शेठ म्हणाला, असं बोल, नाहीतर घरी जा. मी... मी नट बघितले होते. ते तिसऱ्या फेऱ्याला अडलेले."

"लोखंडाबद्दल पण?" बर्नाडेट म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अँब्रोज, लोखंडाबद्दल पण?"

अँब्रोजने बोटाला लागलेलं कुंकू सदऱ्याला पुसलं.

फौजदारांनी खूण केली. गुणाजीने अँब्रोजच्या हातातल्या बेड्या काढल्या आणि त्याच शेवंतीच्या हातात घातल्या. तिच्या मनगटाला त्या सैल झाल्या.

"सायेब," ती म्हणाली, "मना फास द्या. पन सरकारात लिवलाय, मारुतीने नट ढिले ठेवले. ता पुसा."

"लिहिलेलं पुसता येत नाही."

"मग मी कशाला येवडा केला?"

फौजदारांनी ओट्यावरचा बोल्ट उचलला. नट बोटाने फिरवला. तो आवाज न करता उतरला आणि आवाज न करता परत चढला.

"पुसता येत नाही. पण त्याच्यापुढे लिहिता येतं. हा बोल्ट आणि तुमच्या शेठच्या झाकणाचे नट मी मामलेदाराच्या टेबलावर ठेवणार आहे. जुन्या सिलिंडरचं कडंही उचलून नेणार आहे. टोकं बघितली की आंधळ्यालाही कळेल. आणि अँब्रोज पुन्हा बोलेल. या वेळी खरं."

"बोलेल," बर्नाडेट म्हणाली. "नाही बोलला तर मी बोलेन."

शेवंतीने तिच्याकडे पाहिलं. दोघींपैकी कोणीही नजर खाली केली नाही.

"लिवा मग," शेवंती म्हणाली. "मी हतंच उभी हाय. माज्यासमोर लिवा."

फौजदारांनी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. मारुती हे नाव कुठे आहे ते तिने बोटाने दाखवून घेतलं, मग चालायला लागली.

बर्नाडेट नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालत स्टेशनाकडे गेली. ठाणं येईपर्यंत ती त्याच्या बाकावर बसली नाही.

*

श्रावणात कोठी झाडताना शेवंतीने उत्तमशेठला विचारलं होतं, या खोक्यात काय आहे. तो म्हणाला होता, भंगार.